नाताळच्या जेवणानंतरचे गोड पदार्थ: शेवटच्या तासापासून मागे आखणी

नाताळच्या मेजवानीत बाकी सारे जमून येते आणि गोडाचा पदार्थ तेवढा बिघडतो, असे पुष्कळांच्या बाबतीत दरवर्षी घडते. कृती चुकीची असल्यामुळे असे क्वचितच होते. गोड पदार्थ करायला ज्या वेळी घेतला जातो, त्या वेळी ओव्हन मुख्य पदार्थाने अडलेला असतो, फ्रिजमध्ये जागा उरलेली नसते आणि करणाऱ्याचे लक्ष चार ठिकाणी विभागलेले असते. मग गरम कस्टर्ड तसेच जेलीवर ओतले जाते, क्रीम गरजेपेक्षा जास्त फेटले जाते आणि पुडिंग मध्यभागी थंडच राहते. हे टाळण्यासाठी पदार्थ निवडताना, जेवणाची ताटे उचलल्यापासून गोड वाढेपर्यंत त्या पदार्थाला आपल्याकडून नेमके काय लागणार आहे, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. पुढील टप्पे निवडीपासून वाढण्याच्या दिवसापर्यंत अशा क्रमाने मांडले आहेत. वाफवलेले नाताळ पुडिंग, ट्रायफल (काचेच्या भांड्यात स्पंज, फळे, कस्टर्ड आणि क्रीम यांचे थर) आणि चॉकलेटचा लॉग (ओंडक्यासारखा गुंडाळलेला केक) या तीन पदार्थांची कृती त्यांत सविस्तर दिली असून फळांच्या एका हलक्या पर्यायाची थोडक्यात दिली आहे.

टप्पा १: निवड करण्यापूर्वी तीन गोष्टींची नोंद

एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. जेवणाआधीच्या तीन तासांत ओव्हन किती वेळ मोकळा आहे, फ्रिजमध्ये एक मोठे भांडे मावेल इतका सलग कप्पा रिकामा करता येतो का, आणि शेगडीचा एक बर्नर दोन तास सतत देता येतो का. ओव्हन मोकळा नसेल तर त्या दिवशी भाजायचा कोणताही पदार्थ यादीतून काढून टाकावा. फ्रिजमध्ये जागा नसेल तर ट्रायफलचा विचार सोडावा. बर्नर देता येत नसेल तर पुडिंग मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्याची तयारी ठेवावी.

त्यानंतर पाहुण्यांचा विचार करावा. सुका मेवा, ग्लूटेन, अंडी किंवा दूध कोणाला चालत नाही, हे आमंत्रण देतानाच विचारावे, कारण तयार पदार्थातून यांपैकी काहीही नंतर काढता येत नाही. जिलेटिन प्राणिजन्य असते. पुडिंगमध्ये परंपरेने वापरली जाणारी स्युएट ही चरबीही प्राणिजन्यच असते, म्हणून शाकाहारी पाहुणे असतील तर जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर-अगर आणि स्युएटऐवजी लोणी वापरावे. मद्याबाबत एक गैरसमज पक्का बसलेला आहे. शिजवल्याने किंवा पेटवल्याने मद्यातील सर्व अल्कोहोल उडून जात नाही, त्याचा काही भाग पदार्थात राहतोच. मुले असतील किंवा मद्य वर्ज्य असलेले पाहुणे असतील तर त्यांच्यासाठी संत्र्याच्या रसातील पदार्थ वेगळाच करावा.

पदार्थ किती करावेत, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: एक भरगच्च आणि एक हलका, एवढे दोन पुरेत. तीन-चार पदार्थ मांडले की प्रत्येकाचा अर्धा भाग उरतो आणि एकही नीट वाढला जात नाही. जड जेवणानंतर कोणी मोठा वाटा घेत नाही, त्यामुळे आठ जणांसाठी कृतीत ‘आठ जणांना पुरेल’ असे लिहिलेला एक पदार्थ आणि थोडी फळे एवढे भरपूर होते.

*तपासणी: निवडलेल्या दोन पदार्थांपैकी किमान एक आदल्या दिवशी पूर्ण होणारा आहे का? नसेल तर निवड बदलावी.*

टप्पा २: वाफवलेले पुडिंग (चार ते सहा आठवडे आधी)

१.२ लिटरच्या पुडिंग बेसिनसाठी (पुडिंग वाफवण्याचे खोल वाडग्यासारखे भांडे), म्हणजे साधारण आठ जणांसाठी, पुढील प्रमाण घ्यावे: मनुका, बेदाणे आणि संत्र्याची पाकवलेली साल मिळून ४५० ग्रॅम, ब्रँडी किंवा संत्र्याचा रस १५० मिलिलिटर, गोठवून किसलेले लोणी १०० ग्रॅम, गडद ब्राऊन शुगर १२५ ग्रॅम, ब्रेडचा ताजा चुरा १०० ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, अंडी २, किसलेले सफरचंद १, दालचिनी-जायफळ-लवंग यांची पूड मिळून २ चहाचे चमचे आणि एका संत्र्याची किसलेली साल.

१. सुकी फळे ब्रँडीत किंवा रसात रात्रभर झाकून भिजवावीत. ही पायरी गाळली तर कोरडी फळे वाफवताना मिश्रणातील ओलावा ओढून घेतात आणि पुडिंग भुसभुशीत होते.

२. दुसऱ्या दिवशी सर्व साहित्य एकत्र करावे. लोणी अगदी शेवटी, गोठलेलेच घालावे, म्हणजे त्याचे कण मिश्रणात वेगळे राहतात आणि शिजताना वितळून तेथे बारीक पोकळ्या सोडतात.

३. बेसिनला आतून लोणी लावून तळाशी बेकिंग पेपरची गोल चकती ठेवावी. ही चकती नसेल तर पुडिंग उलटताना त्याचा माथा हमखास बेसिनला चिकटून राहतो. मिश्रण काठापासून २ सेंटिमीटर खाली राहील इतकेच भरावे.

४. बेकिंग पेपर आणि फॉईल एकावर एक ठेवून मध्यभागी एक चुणी घालावी, कारण पुडिंग फुगते आणि त्याला जागा लागते. हे झाकण सुतळीने काठाखाली घट्ट बांधावे आणि त्याच सुतळीचे उचलण्यासाठी हँडल करावे.

५. उंच पातेल्याच्या तळाशी उलटी बशी ठेवून त्यावर बेसिन ठेवावे. बेसिनच्या निम्म्या उंचीपर्यंत उकळते पाणी घालून झाकण लावावे आणि मंद आचेवर ६ तास वाफवावे.

*सावधानता: पाणी आटू देऊ नये. दर अर्ध्या तासाने पाहावे आणि पातेल्यात भर घालायची ती उकळत्या पाण्याचीच. थंड पाणी ओतले की वाफ बंद पडते, शिवाय काचेचे किंवा चिनी मातीचे बेसिन तडकण्याची भीती असते.*

पुडिंग पूर्ण थंड झाल्यावर जुना कागद काढून कोरडा कागद आणि नवे फॉईल बांधावे, कारण ओला कागद तसाच ठेवल्यास बुरशी येते. ब्रँडीत भिजवलेले पुडिंग थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी चार ते सहा आठवडे ठेवता येते. हवा उष्ण व दमट असेल तर ते फ्रिजमध्येच ठेवावे. रसात भिजवलेले पुडिंग मात्र नाताळच्या आठवड्यातच करावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. ते त्याआधी करायचे असेल तर गोठवून ठेवावे.

टप्पा ३: कस्टर्ड, आणि त्याचे दोन परस्परविरोधी नियम

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. कस्टर्ड दोन प्रकारचे असते. एक थरासाठी लागणारे घट्ट, ज्यात कॉर्नफ्लॉवर असते. दुसरे पुडिंगवर ओतायचे पातळ, जे केवळ अंड्यांच्या पिवळ्या बलकाने दाटते. पहिले उकळलेच पाहिजे आणि दुसरे कधीही उकळता कामा नये. एकाचा नियम दुसऱ्याला लावल्याने दोन्ही बिघडतात.

घट्ट कस्टर्डसाठी पूर्ण सायीचे दूध ५०० मिलिलिटर, अंड्यांचे पिवळे बलक ४, साखर ६० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर ३० ग्रॅम आणि व्हॅनिला घ्यावे.

१. बलक, साखर आणि कॉर्नफ्लॉवर एका भांड्यात गुठळी राहणार नाही असे फेटावे. साखर बलकावर टाकून भांडे तसेच सोडू नये. साखर बलकातील ओलावा ओढते आणि त्याचे कडक कण बनतात, जे नंतर विरघळत नाहीत.

२. जाड बुडाच्या पातेल्यात दूध कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवावे आणि एका हाताने फेटत दुसऱ्या हाताने बारीक धारेने बलकांवर ओतावे. सगळे दूध एकदम ओतल्यास बलक जागीच शिजतात.

३. मिश्रण पुन्हा पातेल्यात घेऊन मध्यम आचेवर, तळ आणि कोपरे खरवडत सतत फेटावे. दाटपणा येताच अनेकजण आच बंद करतात. तेथेच चूक होते. मोठे बुडबुडे फुटू लागल्यानंतर आणखी एक मिनिट ते शिजवले पाहिजे. बलकात अमायलेज नावाचे एन्झाइम असते आणि ते उष्णतेने निष्क्रिय झाले नाही तर फ्रिजमध्ये ठेवलेल्या कस्टर्डमधील स्टार्च रात्रभर तोडत राहते. संध्याकाळी घट्ट असलेले कस्टर्ड सकाळी पाण्यासारखे पातळ झालेले आढळते, त्याचे कारण बहुधा हेच असते. कॉर्नफ्लॉवरमुळे बलकांना संरक्षण मिळते, त्यामुळे या उकळीने कस्टर्ड फुटत नाही.

४. कस्टर्ड गाळून घ्यावे आणि क्लिंग फिल्म पृष्ठभागाला थेट चिकटेल अशी लावावी, म्हणजे वर साय धरत नाही.

पातळ कस्टर्डसाठी दूध ५०० मिलिलिटर, बलक ५ आणि साखर ५० ग्रॅम घ्यावी. पहिल्या दोन पायऱ्या कॉर्नफ्लॉवर वगळून तशाच कराव्यात. त्यानंतर मात्र मंद आच ठेवून लाकडी चमच्याने हळूहळू ढवळावे आणि तापमान ८० ते ८३ अंश सेल्सिअसला पोहोचताच पातेले उतरवून गाळून घ्यावे. थर्मामीटर नसेल तर चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघेच्या कडा एकमेकींत मिसळल्या नाहीत तर कस्टर्ड तयार आहे. उतरवल्यानंतरही पातेल्याची उष्णता ते शिजवत राहते, म्हणून गाळलेले भांडे लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवावे.

*बारीक कण दिसू लागले असल्यास: पातेले ताबडतोब उतरवून त्यात दोन चमचे थंड क्रीम घालावे आणि हँड ब्लेंडर फिरवावा. नुकतेच फुटू लागलेले कस्टर्ड यामुळे सावरते, पण पूर्ण फुटलेले सावरत नाही. ते पुन्हा नव्याने करावे.*

टप्पा ४: ट्रायफल (आदल्या दिवशी)

साधारण अडीच लिटरचे, उभ्या कडांचे काचेचे भांडे घ्यावे. स्पंज केक २५० ग्रॅम, तोही आदल्या दिवशीचा असावा, कारण ताजा मऊ स्पंज रस पिऊन लगदा होतो. स्पंजच्या दोन तुकड्यांमध्ये जॅम लावून ते तळाशी घट्ट बसवावेत आणि त्यांवर १०० ते १२० मिलिलिटर शेरी (एक प्रकारची वाइन) किंवा रस चमच्याने सर्वत्र शिंपडावा. याहून अधिक रस घातला तर दुसऱ्या दिवशी तळाशी पाणी साचते.

फळे ४०० ग्रॅम घ्यावीत. गोठवलेल्या बेरी वापरायच्या असतील तर त्या आधी चाळणीवर पूर्ण वितळू द्याव्यात आणि खाली गळालेला रस स्पंजसाठी वापरावा. त्या तशाच घातल्यास कस्टर्डमध्ये जांभळे ओघळ उतरतात.

जेलीचा थर हवा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: कच्चे अननस, किवी आणि पपई यांतील एन्झाइम जिलेटिनमधील प्रथिने तोडतात, त्यामुळे या फळांवर ओतलेली जेली कितीही वेळ ठेवली तरी बसत नाही. डब्यातील किंवा शिजवलेली फळे चालतात. अगर-अगरला ही अडचण नाही, पण ते रसात घालून दोन मिनिटे खळखळ उकळावे लागते. अर्धा लिटर रसाला साधारण ४ ग्रॅम पूड पुरते. जिलेटिन मात्र उकळू नये. ते थंड पाण्यात फुगवून गरम रसात विरघळवावे.

थर बसल्याची खात्री झाल्यावरच, आणि कस्टर्ड पूर्ण थंड झाल्यावरच, ते वर ओतावे. जिलेटिनची जेली अंगाच्या तापमानाच्या थोडी खालीच वितळू लागते, त्यामुळे कोमट कस्टर्डही तिला पुरेसे गरम असते. येथपर्यंतचे ट्रायफल झाकून किमान १२ तास फ्रिजमध्ये ठेवावे. क्रीम मात्र आज घालू नये. रात्रभरात त्यातून पाणी सुटते आणि कस्टर्डच्या सीमेवर एक ओली रेघ तयार होते.

*तपासणी: भांडे हलकेच तिरके करून पाहावे. कस्टर्ड कडेला घसरत असेल तर त्यावर क्रीम टिकणार नाही. अशा वेळी क्रीम वेगळ्या वाडग्यात द्यावे.*

टप्पा ५: चॉकलेटचा लॉग (एक किंवा दोन दिवस आधी)

लॉगची भीती वाटते ती स्पंज गुंडाळताना तडकण्याची. तडकण्याची कारणे तीनच आहेत: जास्त भाजणे, थंड झाल्यावर गुंडाळणे आणि कोरड्या कडा न कापणे.

१. ओव्हन २०० अंश सेल्सिअसला तापवावा, पंख्याचा ओव्हन असेल तर १८० अंशांना. ३३ × २३ सेंटिमीटरच्या उथळ ट्रेमध्ये बेकिंग पेपर बसवावा. हे फेटण्याआधी करावे, कारण फेटलेले मिश्रण थांबत नाही.

२. खोलीच्या तापमानाची ४ अंडी आणि १०० ग्रॅम साखर इलेक्ट्रिक बीटरने ६ ते ८ मिनिटे फेटावी. बीटर उचलल्यावर पडणारी फीत पृष्ठभागावर काही सेकंद टिकली पाहिजे. या स्पंजमध्ये बेकिंग पावडर नाही, त्यामुळे येथे फेटलेली हवा हाच त्याचा एकमेव आधार असतो.

३. मैदा ६५ ग्रॅम आणि कोको ३५ ग्रॅम एकत्र दोनदा चाळून, तीन भागांत, स्पॅटुलाने खालून वर घेत मिसळावे. कोको जड असतो आणि तळाशी बसतो. प्रत्येक वेळी भांड्याच्या तळापर्यंत जावे.

४. ९ ते ११ मिनिटे भाजावे. मध्यभागी बोटाने दाबल्यावर स्पंज परत वर आला की लगेच बाहेर काढावा. कडा ट्रेपासून फार सुटलेल्या आणि कुरकुरीत दिसत असतील तर दोन मिनिटे उशीर झालेला आहे.

५. साखर भुरभुरलेल्या दुसऱ्या कागदावर स्पंज उलटा करून वरचा कागद सोलावा, चारही कडा धारदार सुरीने अर्धा सेंटिमीटर कापाव्यात आणि ज्या लहान बाजूने गुंडाळायला सुरुवात करायची, तिच्यापासून २ सेंटिमीटरवर एक उथळ खाच द्यावी. या खाचेमुळे पहिली वळकटी घट्ट बसते. स्पंज गरम असतानाच कागदासकट गुंडाळून तसाच पूर्ण थंड होऊ द्यावा.

६. थंड झाल्यावर तो उलगडून २५० मिलिलिटर फेटलेले क्रीम पसरावे आणि कागदाशिवाय पुन्हा गुंडाळावा. शेवटच्या कडेपाशी २ सेंटिमीटर जागा कोरी ठेवावी, कारण गुंडाळताना क्रीम पुढे सरकते.

७. बारीक चिरलेल्या २०० ग्रॅम डार्क चॉकलेटवर उकळीला आलेले २०० मिलिलिटर क्रीम ओतून दोन मिनिटे थांबावे आणि मध्यापासून बाहेर ढवळावे. हे गनाश पसरण्याजोगे घट्ट झाल्यावरच लॉगवर लावावे व काट्याने सालीसारख्या रेषा ओढाव्यात. गनाशवर तेल तरंगू लागले तर एक-दोन चमचे कोमट दूध घालून ढवळावे, ते पुन्हा एकजीव होते.

स्पंज थोडा तडकलाच तर गनाश त्याला झाकते. मोठी फट पडली तर लॉगचा हट्ट सोडावा आणि त्याच तुकड्यांचा ट्रायफलच्या तळाशी उपयोग करावा. चॉकलेट स्पंज, चेरी आणि कस्टर्ड यांचे ट्रायफल मला तर जॅमच्या ट्रायफलपेक्षाही अधिक आवडते.

टप्पा ६: हलका पर्याय

घट्ट नासपती ६, पाणी १ लिटर, साखर २५० ग्रॅम, दालचिनीचा तुकडा आणि संत्र्याची साल असे मंद आचेवर २० ते ३० मिनिटे शिजवावे. फळे वर तरंगतात आणि उघडा भाग काळा पडतो, म्हणून पाकावर बेकिंग पेपरची चकती टेकवून ठेवावी. सुरी सहज आत गेली की आच बंद करून फळे पाकातच थंड करावीत. हे दोन दिवस आधी केले तर चव अधिक मुरते. पूर्ण पिकलेली नासपती घेऊ नये, तिचा लगदा होतो.

पाव्हलोव्हाचा, म्हणजे फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे भाजलेले कवच आणि त्यावर क्रीम व फळे अशा पदार्थाचा, मोह अनेकांना होतो. त्याचे कवच दोन दिवस आधी करून हवाबंद डब्यात ठेवता येते, पण दमट हवेत ते चिकट होते आणि क्रीम घातल्यावर लवकर मऊ पडते. जेवण किती वाजता संपेल याचा भरवसा नसलेल्या मेजवानीत ते न केलेले बरे.

टप्पा ७: त्या दिवशीचा क्रम

गोड वाढण्याच्या अडीच तास आधी पुडिंग पुन्हा वाफेवर ठेवावे. त्याला २ तास लागतात आणि अर्धा तास जास्त झाला तरी बिघडत नाही, ही त्याची फार मोठी सोय आहे. मायक्रोवेव्ह वापरायचा असेल तर फॉईल पूर्ण काढून, मध्यम शक्तीवर थोड्या थोड्या वेळाने तपासत गरम करावे, कारण साखर भरपूर असल्याने मध्यभाग पटकन जळतो.

ट्रायफलवर क्रीम पाहुणे येण्यापूर्वी, म्हणजे वाढण्याच्या दोन-तीन तास आधी घालून भांडे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावे. फेटण्यासाठी किमान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्के स्निग्धांश असलेले क्रीम लागते. २५ टक्क्यांचे क्रीम कितीही फेटले तरी उभे राहत नाही. क्रीम, भांडे आणि बीटर तिन्ही गार असावेत. बीटरच्या खुणा मऊसर उमटू लागल्या की थांबावे, कारण पसरताना ते आणखी घट्ट होते. रवाळ दिसू लागलेल्या क्रीममध्ये दोन चमचे न फेटलेले क्रीम हाताने मिसळल्यास ते सावरते. लोण्याचे गोळे दिसू लागले की मात्र उपाय नाही.

मुख्य जेवण वाढताना लॉग फ्रिजबाहेर काढावा. अर्ध्या तासात गनाश मऊ होते आणि गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने स्वच्छ कापता येते. ताटे उचलल्यावर पुडिंग बाहेर काढून पाच मिनिटे तसेच ठेवावे, कडेने सुरी फिरवावी आणि बशीवर उलटावे. पातळ कस्टर्ड गरम पाण्यावर धरलेल्या भांड्यात कोमट करावे, थेट आचेवर ठेवू नये.

*सावधानता: पुडिंग पेटवायचे असल्यास ३ ते ४ मोठे चमचे ब्रँडी लहान पातेल्यात कोमट करून, बाटली दूर ठेवून, पातेल्यातच लांब काडीने पेटवावी आणि मग ओतावी. थंड ब्रँडी पेट घेत नाही. बाटलीतून थेट ज्वाळेवर कधीही ओतू नये. जवळ कागदी सजावट, मोकळे केस किंवा लहान मुले नसावीत.*

क्रीम आणि कस्टर्डचे पदार्थ दोन तासांपेक्षा अधिक वेळ टेबलावर ठेवू नयेत. उरलेले ट्रायफल झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. लॉगच्या कापलेल्या टोकाला बेकिंग पेपरचा तुकडा चिकटवला तर स्पंज सुकत नाही. पुडिंगच्या उरलेल्या फोडी दुसऱ्या दिवशी थोड्या लोण्यावर दोन्ही बाजूंनी परतून घ्याव्यात, आणि त्यासाठी पुडिंग आधी फ्रिजमध्ये पूर्ण गार करून मगच कापावे, म्हणजे फोडी तव्यावर मोडत नाहीत.